स्वतः पाहिलेले आकडे

मस्तगड, जालना
११ जानेवारी १९८८

प्रिय वहिनी,

नमस्कार. दादा काल बाजाराला आला होता. त्याच्या हाती एक लाकडी पाटी पाठवली आहे. पाटीवर वाकवलेली काचेची नळी आणि नळीत निळं पाणी आहे. ती आमच्या प्रशिक्षण केंद्राची आहे आणि माझ्या नावावर लिहून दिलेली आहे, म्हणून फार जपून ठेव. शेगडीकडे येणाऱ्या गॅसच्या पाइपाला दादा ती जोडून देईल.

दिवाळीपासून मी इथं गोजरमावशीकडं राहून अपारंपरिक ऊर्जेचा प्राथमिक वर्ग करते आहे, हे तुला ठाऊकच आहे. सूर्यचूल, पवनचक्की, गोबरगॅस हे सगळं शिकवून झालं. आता महिनाभर आपापल्या गावी राहून एका गोबरगॅसच्या रोजच्या नोंदी घ्यायच्या आहेत. आपल्या खड्ड्याच्या तळाला गाळ बसलाय म्हणून गॅस कमी येतो, हे मी वर्ग घेणाऱ्या उढाण सरांना सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी मला तोच खड्डा दिला. शेण घालणं बंद करायचं. मग गॅसचा दाब रोज थोडा थोडा उतरत जातो. नळीच्या दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीला आलं की शून्य. आठ दिवस सलग शून्य राहिलं की खड्डा उघडून गाळ काढायचा. ते जमलं की मला प्रमाणपत्र, आणि केंद्रातच मदतनिसाची जागा.

नोंदींच्या वहीच्या पहिल्या पानावर नियम चिकटवलेत आणि खाली माझी सही आहे. नोंद स्वतः पाहून, त्याच दिवशी, शाईनं लिहायची. दिवस चुकला तर कोरा सोडून कारण लिहायचं. दुसऱ्याचे आकडे उतरवले किंवा मनानं लिहिले तर नाव कापणार, त्यावर अर्ज चालणार नाही. सरांनी हे आम्हाला उभं करून वाचून दाखवलं. मागच्या वर्गातल्या दोघांची नावं कापलीत.

मग मी घरी का येत नाही, असं तुला वाटेल. वहिनी, मला भीती वाटते. परतूरचे पाहुणे बघायला येणार आहेत असं आईनं कळवलंय. एकदा घरी आले की ती मला परत पाठवणार नाही. वर्ग तिथंच संपेल.

तू सातवी शिकलेली आहेस. रोज सकाळी पाटीसमोर उभी राहा, दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती सेंटिमीटरचा फरक आहे ते पट्टीवर बघ आणि कागदावर लिही. आठ-आठ दिवसांनी मला पाठव. पंधरा तारखेपासून सुरू कर. कुणाला सांगू नको. सरांना वाटतंय मी गावीच आहे.

तुझी,
बेबीनंदा


कुंभार पिंपळगाव
२३ जानेवारी १९८८

बेबीताईंना उषाचा नमस्कार.

तुम्ही सांगितल्यापरमाणं लिहून राह्यले. १५ तारखेला ६२, १६ला ६०, १७ला ६३, १८ला ६५, १९ला ५६, २०ला ५३, २१ला ५०, २२ला ४७.

हे काम मला जमंल का न्हाई, असं वाटत होतं. पण ननंदेनं सांगितल्यावर मी न्हाई कशी म्हणू. पाटी बराबर जागेवर आहे. रोज पुसते.

सासूबाई नाराज आहेत. गॅस बंद म्हणलं की त्यांचं डोकं फिरतंय. म्हणतात, सगळी गल्ली माझी शेगडी बघायला येती आन मी आता म्हातारपणी चुलीपुढं धूर खात बसू का. मी काय बोलणार. तुमचे दादा दिवस उगवायला शेतावर जातात, ते दिवस मावळल्यावर येतात. घरातलं त्यांना काही कळत न्हाई.

पाटी केंद्राची आहे म्हणल्या, तर ती लई महाग असती का? सहज विचारलं.

तुमची,
उषा


मस्तगड, जालना
३१ जानेवारी १९८८

प्रिय वहिनी,

आकडे मिळाले. १९ तारखेपासून किती सरळ उतरलेत. फक्त १७ आणि १८ला तू चुकलीस. शेण बंद असताना पाणी वर चढेल कसं? घाईत भलतीकडं बघितलं असशील. मी तिथं ५९ आणि ५८ केलं. आता रांग नीट दिसते.

वहिनी, इथं माझे दिवस कसे जातात ते मलाच माहीत. दिवसभर मावशीच्या घरात बसून असते. परवा मावशीनं दळण आणायला पाठवलं, तर गिरणीच्या तोंडाशीच उढाण सर. सायकल धरून कुणाशी तरी बोलत उभे. माझ्या डोक्यावर पिठाचा डबा. मी पदर ओढून भांड्यांच्या दुकानात शिरले आणि उगाच पातेली बघत राहिले. दुकानदार म्हणाला, "काय पाहिजे बाई?" सर गेले तरी मी बराच वेळ तिथंच. घरी आल्यावर मावशी म्हणाली, "तुझा चेहरा असा पांढरा का पडलाय, पीठ लागलं का काय." तेव्हापासून मी घराबाहेर पडलेच नाही.

पंधरा फेब्रुवारीला वही द्यायची आहे. त्याआधी आठ दिवस शून्य पाहिजे. लवकर उतरेल ना?

पाटीची किंमत काय करायची आहे तुला? फुटली तर मला भरून द्यावी लागेल आणि सरांना सगळं कळेल, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
बेबीनंदा


कुंभार पिंपळगाव
९ फेब्रुवारी १९८८

बेबीताईंना नमस्कार.

सोबतच्या कागदावर रोजचे आकडे आहेत. दर दिवसाला तीन कमी होत गेले. सात तारखेला शून्य झालं. आता शून्यच राहील.

तुम्हाला एक विचारायचं होतं. शून्य झाल्यावर पुढं काय करतात? म्हंजे खड्ड्याचं काय करतात? आन थोडाफार गॅस ऱ्हायला तर काही होतंय का?

आणखी पण एक सांगायचं होतं, पण ऱ्हाऊ द्या. तुमची वही होऊ द्या आधी.

उषा


मस्तगड, जालना
१६ फेब्रुवारी १९८८

प्रिय वहिनी,

काल वही दिली. पुढच्या सात दिवसांची शून्यं मी इथंच बसून लिहिली. तू म्हणालीसच की शून्यच राहील.

सरांनी पान न पान उलटलं. शेवटी ते म्हणाले, "एवढी स्वच्छ वही या वर्गात दुसरी नाही." मग सगळ्यांना वही दाखवली. मी खाली बघत होते.

त्यांनी दादाच्या नावानं पत्र टाकलंय. सोमवारी, बावीस तारखेला, वरचा पातळ शेणकाला बादल्यांनी उपसायचा आणि मंगळवारी सकाळी आत उतरून गाळ काढायचा. सर स्वतः येणार होते, पण त्यांना दोन दिवस औरंगाबादला बैठक आहे. खड्डा बांधणारा रखमाजी गवंडी सोबत असेल. नोंदी एवढ्या चांगल्या आहेत तर मी नसलो तरी चालेल, असं ते म्हणाले.

शून्य झाल्यावर काय करतात वगैरे तू कशाला डोक्यात घेतेस? ते बघणारी माणसं आहेत. तुझं काम झालं. तुझे उपकार मी विसरणार नाही.

तुझी,
बेबीनंदा


कुंभार पिंपळगाव
१९ फेब्रुवारी १९८८

बेबीताईंना उषाचा नमस्कार.

सरांचं पत्र आज आलं. तुमचे दादा खूश आहेत. चौकात चहाच्या टपरीवर चार माणसांत वाचून दाखवलं. माझ्या बहिणीच्या वहीवर सरकारी माणसानं सही केली, म्हणले. सोमवारी उपसायला दोन माणसं सांगितलीत. मंगळवारी हे आन रखमाजी मिळून आत उतरणार. हे म्हणतात, घर माझं, खड्डा माझा, मंग पहिला मीच उतरतो.

आता वही जमा झाली, तुमचं काम झालं, तर मनातलं सांगून टाकते. रोज ते पोटात घेऊन झोपते, मला आता सहन व्हईना.

ताई, ती नळी १९ तारखेला सकाळीच फुटली. पुसायला गेल्ते, हातातून निसटली. निळं पाणी सगळं भिंतीवर. तुम्ही एवढं जपायला सांगितल्तं, मंग मला सांगायची हिंमत झाली न्हाई. तुकडे उकिरड्यात पुरले आन पाइपाला चिंधी घट्ट बांधून टाकली. तुम्ही रोज कमी होईल म्हणल्या होत्या, म्हून मी तीन-तीन कमी करत गेले. पहिले चार दिवस मातर डोळ्यांनी बघून लिहिले. १७ला ६३ आन १८ला ६५च होतं. मी चुकले नव्हते.

आन शेण पण बंद झालेलं न्हाई. सासूबाई पहिल्या दिवसापासून रोज दोन घमेली शेण कालवून टाकतात, तुमचे दादा शेतावर गेले की. त्यांच्या आंघोळीचं पाणी अजून शेगडीवरच तापतंय. आज पण निळा जाळ चांगला मोठा होता. मला म्हणल्या, माझ्या मच्छिंद्रला सांगशील तर बघ.

तर शून्य काही झालेलं न्हाई. पण त्यानं काय बिघडतंय, शेणच तर आहे. तुम्ही रागवू नका. नळीचं काय करायचं तेवढं कळवा.

उषा


जालना बसस्टँड
सोमवार, २२ फेब्रुवारी, दुपारचे चार

वहिनी,

तुझं पत्र आत्ता मिळालं. ही चिठ्ठी बसच्या कंडक्टरजवळ देते आहे. तो संध्याकाळपर्यंत पोचेल.

दादाला खड्ड्यात उतरू देऊ नको. रखमाजीलाही नाही. कुणालाच नाही. आत गॅस आहे. सरांनी शिकवलंय की अशा खड्ड्यात उतरलेला माणूस हाक मारायच्या आत पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. शेणकाला उपसला की गॅस आणखी बाहेर येतो. हे मी तुला आधी लिहायला पाहिजे होतं. तू विचारलं होतंस.

काहीतरी कारण सांग. मंगळवार आहे म्हण, पोटात दुखतंय म्हण. मी सर परत आले की काहीतरी करते. नाहीच ऐकलं तर आधी डालग्यात कोंबडी बांधून दोरीनं खाली सोड आणि वर ओढून बघ.

वहीचं मात्र दादाला सांगू नको. सरांपर्यंत जाईल.

बस निघाली.

बेबीनंदा


अंतरवाली सराटी
२९ फेब्रुवारी १९८८

बेबीताईंना उषाचा नमस्कार.

पत्ता बघून तुम्हाला कळलंच असंल. मी माहेरी आहे. तुमच्या दादांनी माझ्या भावाला बोलावून घेतलं आन हिला थोडे दिवस घेऊन जा म्हणून सांगितलं. थोडे म्हंजे किती, ते कुणी बोललं न्हाई. तुमचे दादा मंगळवारपासून माझ्याशी बोललेले न्हाईत.

आठ दिवस झाले, तुम्हाला कुणीच कळवलं नसंल. जीव टांगणीला असंल तुमचा, म्हून लिहिते. तुमचे दादा जिते आहेत. कुणाला काही झालं न्हाई.

सोमवारी दिवस मावळायला बस आली. कंडक्टरनं निरोप धाडला, उषाबाईकडं जालन्याहून आलंय म्हणून. मला वाटलं तुम्हीच आल्या. भाकरी तव्यावर टाकून पळत गेल्ते. बसमधली सगळी माणसं उतरली. मंग कंडक्टरनं चिठ्ठी दिली.

ताई, ती वाचली आन तशीच माघारी पळाले. घरी आले तर हे खड्ड्याच्या काठावर बसून हात धुऊन राह्यले होते. उपसून झाल्तं. शिडी तयार. मी म्हणलं, उद्या मंगळवार हाय, भुईला हात लावू नका. म्हणले, मंगळवारी काय जमीन चावती का. मी म्हणलं, माझ्या पोटात कळ उठली, दवाखान्यात घेऊन चला. म्हणले, आईसंगं जा. जेवताना पुन्हा म्हणलं, सर येऊ द्या. तर म्हणले, सरांनीच लिहून दिलंय, तू कवापासून सरांहून शहाणी झाली.

सकाळी रखमाजी आला. दोघांनी शिडी आत सोडली. हे धोतर खोचून राह्यले होते. रखमाजीचा एक पाय शिडीवर. माझ्याजवळ कारणं संपली होती. मी सगळ्यांच्या पुढं जाऊन सांगितलं. म्हणलं, शून्य खोटं हाय. नळी महिन्यापूर्वीच मी फोडली. आकडे मी मनानं लिहिले. आत शेण रोज पडून राह्यलंय.

हे म्हणले, "कोण टाकतंय शेण?"

मी सासूबाईंकडं बघितलं. सासूबाई म्हणल्या, "मी न्हाई टाकलं. हिला काय झालंय कुणाला ठावं."

ताई, तवा मी एकटी पडले. रखमाजी म्हणला, बाईमाणूस भ्यालंय, तुम्ही चला. आत जाऊन काळी कोंबडी धरली, डालग्यात बांधली आन दोरी धरून मीच खाली सोडली. आधी पंखांची फडफड ऐकू आली. मी आकडे मोजून राह्यले होते. चाळीसच्या पुढं आवाज बंद झाला. वर ओढली तर मान एकीकडं लोंबत होती. अंग गरम होतं.

रखमाजीनं पाय मागं घेतला आन डोक्यावरचा पटका काढून खाली बसला. तुमच्या दादांनी शिडी वर ओढली आन घरात निघून गेले. दुसऱ्या दिवशी रखमाजीनं झाकणावर फळ्या ठोकल्या.

कोंबडीचं तुला कुणी सांगितलं, म्हणून सासूबाईंनी दोनदा विचारलं मला. मी गप बसले. तुमचं नाव मी घेतलं न्हाई. चिठ्ठी चुलीत टाकली. नळी मी फोडली, खोटं मी लिहिलं, एवढंच सगळ्यांना ठाऊक आहे. आकडे कुणी सांगितल्ते आन कशासाठी, ते कुणी विचारलं न्हाई. घरात मला वाटंल ते मी लिहीत बसले, असं समजतात.

रोज डोळे मिटले की ते डालगं खाली जाताना दिसतंय. आन कधी कधी त्यात कोंबडी नसती.

उषा


मस्तगड, जालना
६ मार्च १९८८

ती. दादास बेबीनंदाचा नमस्कार.

हे पत्र पुरं वाच. मध्येच फाडू नको.

नोंदी वहिनीनं घ्याव्यात असं मी तिला सांगितलं होतं. नियमाप्रमाणं मी महिनाभर घरी राहून त्या स्वतः घ्यायला पाहिजे होत्या. मी इथं मावशीकडं लपून बसले होते, कारण घरी आले तर आई परत पाठवणार नाही याची मला भीती होती. मी लहान असले तरी नणंद आहे, ती मला नाही म्हणू शकली नाही. नळी फुटल्यावर ती मला का घाबरली, ते मला आता कळतं. मी तिला पत्रातून धमकीच दिली होती.

वहिनीनं खोटं लिहिलं, पण पहिले चार दिवस तिनं खरं लिहिलं होतं. खोटं मी केलं त्यांचं. सतरा आणि अठरा तारखेला पाणी वर चढलं होतं. मला ते वहीत वाईट दिसलं म्हणून मी बदललं. शेवटची सात शून्यं तर मी इथं पाटावर बसून लिहिली.

गुरुवारी मी केंद्रात गेले आणि उढाण सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी विचारलं, "आत कोण उतरलं?" मी म्हणाले, "कुणी नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की कुणी नाही?" मी नाही म्हणाले, तेव्हा ते खुर्चीत मागं टेकले.

मग त्यांनी वही काढली. सतराचा आकडा खरा किती होता ते विचारलं. मी सांगितला. ते म्हणाले, "शेण बंद असताना दाब चढला असं दिसलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी तुमच्या गावी आलो असतो. खोट्या वहीत हीच एक खरी गोष्ट होती, आणि तीच तू पुसलीस."

दादा, हे वाक्य मी जेवताना, झाडताना, पाणी भरताना ऐकते.

ते पुढं म्हणाले, "मीही वही बघून सही केली, खड्डा बघितला नाही. ते मी वरच्या साहेबांना लिहून कळवणार आहे." माझं नाव त्यांनी माझ्यासमोर कापलं. मी हात जोडले नाहीत. पुन्हा वर्गाला बसायचं असेल तर जुलैत नव्यानं अर्ज कर आणि महिनाभर त्या खड्ड्याजवळ राहा, एवढंच म्हणाले.

आता शेवटचं. हे लिहायला मला तीन दिवस लागले. बावीस तारखेला दुपारी वहिनीचं पत्र वाचून मी बसस्टँडवर पळत गेले. आपल्या गावची बस समोर उभी होती, आत जागा होती. मी चढले नाही. मला वाटलं, चिठ्ठीनंच काम झालं तर वहीचं कुणाला कळणार नाही. तू मंगळवारी उतरणार आहेस हे मला ठाऊक असताना मी वहीचा विचार केला. बस गेल्यावर मी मावशीकडं येऊन भाजी निवडली. कोंबडीचं मीच तिला चिठ्ठीत लिहिलं होतं. पण तुझ्यापुढं उभं राहून खरं बोलायची हिंमत तिनं केली. मी केली नाही.

तिला घेऊन ये. आईला शेणाचं विचार, माझ्यादेखत विचार. मी पुढच्या सोमवारच्या सकाळच्या बसनं येते आहे. तू मला घरात घेतलंस तर राहीन.

बेबीनंदा


कुंभार पिंपळगाव
१० मार्च १९८८

चि. बेबीस मच्छिंद्रचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून खिशात घातलं आन बांधावर जाऊन बसलो.

काल अंतरवालीला गेल्तो. उषानं पाणी दिलं. मी तुझं पत्र काढलं. म्हणली, वाचून दाखवा. तिच्या आईबापासमोर मोठ्यानं वाचलं. सतरा तारखेचं आलं तवा म्हणली, हे पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. मंग ती उठली आन पिशवी भरायला लागली. ती घरी आली आहे.

आईला मी विचारलं न्हाई. आईनंच आज सकाळी माझ्यापुढं घमेलं आणून ठेवलं आन म्हणली, मी टाकत होते. मला काय ठाऊक त्यानं माणूस मरतंय. लई रडली. दुपारी जेवली न्हाई. परतूरच्या पाहुण्यांना मी सध्या येऊ नका म्हणून कळवलंय. त्याची तू भीती धरू नको.

तू बसमध्ये चढली न्हाईस त्याचा मला राग आला. खोटं कशाला सांगू. आजही आहे. तरी तू ये. मी स्टँडवर येतो.

आता मी पण एक लिहितो. उषाला माहेरी का धाडलं, हे मला सगळ्यांनी विचारलं. खोटं लिहिलं म्हणून, असं मी सांगितलं. ते कारण न्हाई. कोंबडी वर आली तवा माझे दोन्ही पाय असे थरथर कापायला लागले की मला उभं राहता येईना. धोतराच्या वर दिसत होतं. रखमाजी खाली बघत होता, आई कोंबडीकडं. उषा मातर माझ्याकडं बघत होती. ती जवळ आली आन दंडाला धरून मला आत घेऊन गेली. तुला तिनं लिहिलं असंल की मी एकटा गेलो. मी एकटा गेलो न्हाई. तिनं मला चालवत नेलं. ते तिनं पाहिलं म्हणून मला तिचं तोंड बघवंना.

अजून रोज पहाटे त्या फळ्यांवरून नजर गेली की पाय तसेच व्हतात. हे तिला मी अजून सांगितलं न्हाई. आज सांगणार आहे.

मच्छिंद्र